ओव्हरहॉल केलेला टिल्ट स्टीअरिंग कॉलम पुन्हा ढिला, आणि वर हमी नाकारली

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय: टिल्ट स्टीअरिंग कॉलमचं सदोष काम आणि हमी नाकारल्याबद्दल तक्रार

महोदय / महोदया,

माझ्या १९७२ च्या शेव्हरलेचा टिल्ट कॉलम, म्हणजे स्टीअरिंग वर-खाली कलतं करता येणारा कॉलम, मी तुमच्याकडे संपूर्ण ओव्हरहॉलसाठी पाठवला होता. परत आला तेव्हा दिसायला देखणा होता. नवा रंग, चकचकीत टिल्टचा दांडा, स्वच्छ पुसलेलं हाउसिंग. गाडीत बसवला, थोडे दिवस चालवला आणि स्टीअरिंग पुन्हा हलायला लागलं. धरून वर ओढलं की वर येतं, बाजूला रेटलं की बाजूला जातं आणि दर वेळी आतून ‘टक’ असा आवाज हाताला जाणवतो. ज्या दुखण्यासाठी कॉलम पाठवला होता, तेच दुखणं कायम आहे.

भर म्हणजे आता कधीकधी चावी फिरवली तर स्टार्टर हूं की चूं करत नाही. स्टीअरिंग किंचित वर उचलून धरलं की लगेच फिरतो. शेव्हरले बनवणाऱ्या जनरल मोटर्सने १९६९ च्या मॉडेलपासून इग्निशनचं कुलूप कॉलममध्ये आणलं आणि खालच्या स्विचला ते एका सळईने जोडलं, हे तुम्हाला मी सांगायला नको. वरचा भाग डुलायला लागला की सळईची चाल चुकते.

तुमच्या प्रतिनिधीचं पहिलं उत्तर असं की, ‘जुन्या टिल्ट कॉलममध्ये थोडा खेळ असायचाच.’ हे मला मान्य नाही. खेळ, म्हणजे सैलपणा, कुठून येतो त्यावर तो चालेल की नाही हे ठरतं, आणि ते पाहायला कॉलम उघडावाही लागत नाही. डॅशबोर्डखाली एक हात कॉलमच्या नळीवर ठेवला आणि दुसऱ्याने स्टीअरिंग हलवलं. नळी जागची हलत नाही, म्हणजे डॅशखालच्या ब्रॅकेटचे नट घट्ट आहेत. हालचाल टिल्टच्या सांध्यापासून वर आहे. लॉक शूचे, म्हणजे स्टीअरिंग ठरलेल्या कोनाच्या खाचेत अडकवून धरणाऱ्या तुकड्यांचे, दात झिजले असते तर मुख्यतः वर-खाली हललं असतं, खाचेगणिक कमी-जास्त जाणवलं असतं, एखाद्या खाचेतून स्टीअरिंग निसटलंही असतं. इथे प्रत्येक खाच पक्की धरते, तरी सगळीकडे सारखंच डुलतं, आणि आडवंही. या कॉलमवर काम करणारा कोणीही हे ऐकून एकच गोष्ट सांगेल: आतले चार स्क्रू ढिले झालेत.

हे सगळं मी ई-मेलने कळवलं. त्यावर तुमच्याच सेवा विभागाने लिहिलं, ‘जवळच्या मेकॅनिककडून उघडून तपासा आणि फोटो पाठवा.’ या वाक्याची प्रत सोबत जोडली आहे, कारण पुढचा सगळा वाद त्यावरच आहे.

उघडणं सोपं नव्हतं. बॅटरीची वायर सोडवून हॉर्न पॅड काढला, पुलर, म्हणजे न ठोकता ओढून काढायचं हत्यार, लावून स्टीअरिंग उतरवलं. लॉक प्लेट दाबून धरणारं हत्यार लावून सर्कलिप काढली, मग इंडिकेटरचा स्विच, कुलूप, टिल्टची स्प्रिंग आणि शेवटी दोन्ही बाजूंच्या पिव्होट पिना. या पिना ठोकून निघत नाहीत, आत बारीक स्क्रू फिरवून ओढून काढाव्या लागतात. आमच्या मिस्त्रींनी सगळं सावकाश केलं आणि मी मोबाइलवर चित्रण करत होतो. हाउसिंग बाजूला झालं आणि सांध्याचा खालचा भाग नळीला धरून ठेवणारे ते चार स्क्रू दिसले. चांदणीच्या आकाराचं डोकं, ई-८ सॉकेट लागणारे. त्यातले दोन मिस्त्रींनी नुसत्या बोटांनी फिरवून बाहेर काढले. उरलेल्या दोघांना सॉकेट लागलं खरं, पण जोर लागला नाही.

त्या स्क्रूंच्या आट्यांचे फोटो जरूर मोठे करून पाहा. आट्यांत वाळलेलं काळपट ग्रीस बसलेलं आहे. थ्रेड लॉकरचा, म्हणजे स्क्रू ढिला होऊ नये म्हणून आट्यांना लावायच्या चिकट द्रवाचा, एक निळा ठिपकासुद्धा कुठे नाही. तुमच्या बिलावर मात्र स्पष्ट लिहिलंय: ‘सर्व आतील स्क्रू काढून, साफ करून, थ्रेड लॉकर लावून टॉर्कनुसार आवळले.’ हे स्क्रू तुमच्याकडे बाहेर निघालेच नाहीत, असं माझं स्पष्ट म्हणणं आहे. म्हणजे रंगाचे पैसे घेतलेत आणि ओव्हरहॉलचेही घेतलेत. काम फक्त रंगाचं झालं.

दुसरी गोष्ट मला जास्त गंभीर वाटते. स्टीअरिंग शाफ्टचं वरचं टोक ठोकल्यासारखं पसरलेलं आहे आणि पहिला आटा दबलेला आहे. कॉलम पाठवण्यापूर्वीच्या फोटोंत ते टोक सरळ दिसतं. हा शाफ्ट अपघातात आत दबावा म्हणून दोन भागांत केलेला असतो आणि ते भाग प्लॅस्टिकच्या पिनांनी जोडलेले असतात. टोकावर हातोडा मारला की त्या पिना तुटू शकतात. स्टीअरिंग कॉलम चालकाच्या छातीकडे किती मागे सरकावा यावर अमेरिकेच्या सुरक्षा नियमांनी १ जानेवारी १९६८ पासून मर्यादा घातली आहे, ती उगाच नाही. तुमच्या कारखान्यात पुलर असताना हातोडा कोणी उचलला, याचं उत्तर मला हवं आहे. तोवर गाडी मी जागेवरून हलवणार नाही.

फोटो मिळाल्यावर तुमच्याकडून एका ओळीचं उत्तर आलं: ‘कॉलम बाहेर उघडल्यामुळे हमी रद्द.’ उघडा असं तुम्हीच लिहिलंत, आणि उघडला म्हणून हमीही तुम्हीच रद्द केलीत! यानंतर फोन केला की सेवा विभाग कारखान्याकडे बोट दाखवतो आणि कारखाना सेवा विभागाकडे. या टोलवाटोलवीत मला रस नाही.

माझी मागणी साधी आहे. कॉलम तुमच्या खर्चाने नेऊन काम पुन्हा करा. चारही स्क्रू नवे घाला, भोकांचे आटे साफ करा, थ्रेड लॉकर लावा. वरच्या आणि खालच्या शाफ्टमधला प्लॅस्टिकचा गोलक बदलल्याचं बिलात आहे. उघडलंच आहे तर तोही तपासा आणि जुना मला परत द्या. शाफ्ट आणि नळी मूळ लांबीची आहेत का ते मोजून लेखी कळवा. शाफ्टच्या पिना तुटल्या असतील तर शाफ्ट बदलून द्या, डागडुजी मला चालणार नाही. हे जमणार नसेल तर पूर्ण रक्कम परत करा, मी दुसरीकडून करून घेईन. पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर आलं नाही, तर ग्राहक तक्रारीचा कायदेशीर मार्ग धरणं मला भाग पडेल.

कॉलम सुट्या भागांसह बांधून तयार आहे. न्यायला येणाऱ्याला एवढंच सांगा की खोकं उभं ठेवायचं नाही आणि शाफ्टच्या टोकावर भार येऊ द्यायचा नाही. बिल, ई-मेलची प्रत, आधीचे-नंतरचे फोटो आणि चित्रण सोबत पाठवत आहे.

आपला ग्राहक