आठव्या नंबरची वेळही छापा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

शालेय मैदानी स्पर्धांची बातमी आपण आवर्जून छापता, याबद्दल आभार. पण त्या बातमीत पहिल्या तिघांची नावे आणि शाळा यापलीकडे काही नसते. उडीचे किंवा गोळाफेकीचे अंतर कधीमधी दिसते, धावण्याची वेळ मात्र जवळजवळ कधीच नाही. माझी नात नववीत आहे आणि तीन हजार मीटर धावते. लांब पल्ल्याच्या मुलांची खरी बातमी त्या वेळेतच असते, म्हणून हे पत्र.

तीन हजार मीटर म्हणजे चारशे मीटरच्या ट्रॅकला साडेसात फेऱ्या. नातीला 11 मिनिटांच्या आत यायचे आहे, म्हणजे सरासरी दर फेरीला 88 सेकंद. हा आकडा तिने कपाटाच्या दाराला आतून चिकटवला आहे (बाहेरून चिकटवायला आईची परवानगी नाही). गेल्या मोसमात बाईसाहेब सगळ्यांबरोबर सुसाट सुटायच्या. पहिली फेरी 80 सेकंदांत, आणि सहावी येईतो 98. एकेक मुलगी शेजारून पुढे निघून जायची आणि हिची मान खाली. यंदा पहिली फेरी 87 ची झाली, सहावी 92 ची, आणि एकूण 11 मिनिटे 9 सेकंद. तिची आजवरची सर्वांत चांगली वेळ, आधीच्यापेक्षा 16 सेकंदांनी कमी. नंबर आठवा. भेटेल तो विचारतो, ‘कितवी आली?’ आठवी म्हटले की, ‘असू दे, पुढच्या वेळी येईल हो.’ अहो, आलीच आहे की ती!

अमेरिकेचा जिम रायन 1964 साली शाळेत असताना एक मैल 3 मिनिटे 59 सेकंदांत धावला. चार मिनिटांच्या आत मैल धावणारा तो पहिला शाळकरी मुलगा. त्या शर्यतीत त्याचा नंबर होता आठवा! पहिल्या तिघांपुरतीच बातमी देणाऱ्याच्या हातून तो सुटलाच असता. आपल्या ललिता बाबर 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसच्या (वाटेतले अडथळे आणि पाणी ओलांडत धावायची तीन हजार मीटरची शर्यत) अंतिम फेरीत दहाव्या आल्या. पण त्याआधी प्राथमिक फेरीत त्यांनी 9 मिनिटे 19.76 सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला होता, आणि ऑलिंपिकमध्ये प्राथमिक फेरी पार करून ट्रॅकवरच्या वैयक्तिक शर्यतीची अंतिम फेरी भारताने 1984 च्या पी. टी. उषांनंतर प्रथमच गाठली होती. नुसत्या ‘दहावा क्रमांक’ या दोन शब्दांत यातले काय कळणार? अविनाश साबळे 2022 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत स्टीपलचेसमध्येच दुसरे आले, तेव्हा सुवर्णपदक फक्त 0.05 सेकंदाने हुकले होते. तेही वेळ छापली म्हणूनच आपल्याला ठाऊक.

विजेत्यांच्या मुलाखतीत ‘देवाची कृपा आणि घरच्यांचा पाठिंबा’ हे वाक्य ठरलेले असते. त्याचा अर्थ मात्र कोणी विचारत नाही. मी स्वतः देवाधर्माच्या बाबतीत काठावरचा माणूस. नात मात्र सुटण्याच्या रेषेवर डोळे मिटून काहीतरी पुटपुटते. एकदा विचारले, काय मागतेस गं? म्हणाली, ‘नंबर नाही मागत, आबा. पाचव्या फेरीत डोकं शांत राहू दे म्हणते.’ पाचवीच का, हे जो धावला आहे त्याला सांगायला नको. सुरुवातीचा जोर ओसरलेला असतो आणि शेवटच्या फेरीची घंटा अजून लांब असते. स्कॉटलंडचा धावपटू एरिक लिडेल श्रद्धाळू ख्रिस्ती, रविवार त्याच्या लेखी देवाचा दिवस; 1924 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये 100 मीटरची प्राथमिक फेरी रविवारी आहे म्हणून त्याने धावायला नकार दिला. ही गोष्ट भाविक मंडळी फार रंगवून सांगतात. पण वेळापत्रक त्याला कित्येक महिने आधी कळले होते आणि तेवढे महिने त्याने 400 मीटरची तयारी केली, हे सांगायला विसरतात. 47.6 सेकंदांचे सुवर्णपदक त्या तयारीतून आले. नात हे ऐकून म्हणाली, ‘म्हणजे देवानं त्याला सराव चुकवू दिला नाही.’ यावर मी काय बोलणार?

घरच्या पाठिंब्याचे म्हणाल, तर सर्वांत मोठे काम सूनबाईंनी केले, आणि ते मैदानाबाहेर. मध्यंतरी पोरगी सराव वाढवूनही मंदावत चालली होती, जिना चढताना थांबायची. ‘मोबाइल काढून घ्या’ असे नातेवाइकांनी परस्पर निदानही केले. सूनबाईंनी डॉक्टर गाठले. हिमोग्लोबिन ठीक होते, पण फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, तळाला गेला होता. भरपूर धावणाऱ्या आणि पाळी सुरू झालेल्या मुलींमध्ये हे बरेचदा आढळते, असे डॉक्टर म्हणाले. औषध सुरू झाले, सराव कमी करायला लावला, आणि तो कमी करवून घेताना घरात दारे आपटली गेली ती वेगळीच. पालकांनी ही एक तपासणी लक्षात ठेवावी. माझा मुलगा शर्यत चालू असताना ‘पळ पळ’ असे ओरडत नाही. रेषेजवळ उभा राहून फेरीचे सेकंद सांगतो, बस्स. आणि घरी परतताना ती स्वतः विषय काढेपर्यंत कोणी शर्यतीबद्दल अवाक्षर काढायचे नाही, असा घरचा नियम आहे. तो पाळणे मला सर्वांत जड जाते.

तेव्हा विनंती अशी, की आठशे मीटर आणि त्यापुढच्या शर्यतींत निदान पहिल्या आठ जणांची नावे वेळेसकट द्यावीत. वेळ हाताने घेतली असेल तर तसे कंसात लिहावे, कारण हाताने बटण दाबून घेतलेली आणि इलेक्ट्रॉनिक यंत्राची वेळ सारखी धरत नाहीत. आकडे आयोजकांच्या निकालपत्रकात असतात, मागितले की मिळतात. जागेची अडचण असेल, तर बक्षीस समारंभाला उपस्थित असलेल्या मान्यवरांची यादी थोडी आखडती घ्यावी. ती मात्र दर वेळी आठाच्या पुढेच असते.

आपला,
एका धावपटूचे आजोबा
(कृपया नाव छापू नये. नातीची सक्त ताकीद आहे.)