धूर म्हणजे स्टंट नव्हे

महोदय,

गेल्या रविवारच्या अंकात ड्रॅग रेसवरचा, म्हणजे दोन गाड्यांच्या सरळ पट्ट्यावरच्या छोट्या शर्यतीवरचा, मजकूर वाचला. फोटो झकास होता, पण त्याखाली ओळ होती 'टायर जाळून स्टंटबाजी'. मजकुरातही सगळा हिशेब हॉर्सपॉवरचा. कुणाच्या गाडीला किती आणि कुणाच्या किती, बस्स. चाकणला नाशिक रस्त्याला माझं टायरचं दुकान आहे. पंचवीस वर्षं हवा मारतोय, पंक्चरं काढतोय, आणि भाच्याच्या नादाने अलीकडे या शर्यतींनाही जातो. म्हणून हे पत्र.

तो धूर कामाचा असतो. स्टार्ट लाइनच्या मागे चाक जागेवर फिरवतात ते रबर तापवायला आणि वरचा धूळ बसलेला थर खरवडून काढायला. रेसचा मऊ टायर तापला की बोटाला चिकटतो. तिथे जमिनीवर पाणी टाकलेलं असतं, ते चाक सहज फिरायला लागावं म्हणून. पण ते पाणी गुळगुळीत स्लिक टायरवाल्यांसाठी. आपले रस्त्याचे, नक्षीचे टायर असतील तर त्या पाण्याला वळसा घालून जायचं. नाहीतर पाणी खाचांत राहतं, मडगार्डच्या आतून टपकतं आणि ऐन लाइनवर चाकाखाली येतं. हे आम्ही एकदा करून बसलोय.

आपल्याकडे या शर्यतीत उतरणाऱ्या बऱ्याच गाड्या पुढच्या चाकांवर ओढणाऱ्या. तिथेच खरी गोची आहे. गाडी सुटली की वजन मागे जातं, नाक वर होतं, आणि ज्या चाकांनी ओढायचं तीच हलकी होतात. हजार किलोची गाडी धरा. उभी असताना पुढच्या चाकांवर सहाशे किलो. पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर अडीच मीटर, वजनाचा मध्य जमिनीपासून अर्धा मीटर. अर्ध्या 'जी'ने, म्हणजे वरून पडणाऱ्या वस्तूचा वेग वाढतो त्याच्या निम्म्याने, गाडी सुटली तर शंभर किलो मागे सरकतात, पुढे उरतात पाचशे. आता तुम्ही बॉनेटखाली दुप्पट हॉर्सपॉवर कोंबा, त्या पाचशे किलोंच्या खालचं रबर जेवढं धरेल तेवढीच गाडी पुढे जाणार. बाकीचा धूर. हा मात्र खरंच फुकटचा.

म्हणून गाडी खाली बसवतात, मागचं सीट आणि स्टेपनी काढतात, बॅटरी पुढेच ठेवतात. आणि हवा! रोजच्या बत्तीस पौंडांवर शर्यत लावायची नसते. आम्ही पुढे बावीस-चोवीसवर येतो, मागे चाळीस. पुढे किती उतरायचं ते माझ्या दुकानातल्या खडूने ठरतं. टायरवर या कडेपासून त्या कडेपर्यंत आडवी रेघ मारायची, एकदा सुटून बघायचं, उतरून रेघ बघायची. मधलीच पुसली तर हवा जास्त. कडा पुसल्या आणि मधली राहिली तर कमी. सगळी सारखी पुसली की हात लावायचा नाही. (परत निघताना हवा भरायला विसरू नका. बावीस पौंडांवर एक्स्प्रेस वेवरून आलेला एक टायर मी पाहिलाय, त्याच्या कडा सोलपटल्या होत्या.)

पहिल्या वर्षी मात्र आमची फजिती झाली ती हवेने नाही. अ‍ॅम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर भाच्याच्या मित्राने आदल्या रात्री फोटो चांगले यावेत म्हणून चारही टायरना चकाकीचं पॉलिश फासलं, आणि ते नक्षीवरही गेलं. सकाळी हिरवा दिवा लागला, क्लच सुटला, चाकं गरगर फिरली आणि गाडी तिथेच. शेजारच्या पट्ट्यातली जुनी, आमच्यापेक्षा कमी ताकदीची गाडी शांतपणे निघून गेली. "मामा, इंजिन बसलं का?" भाच्याने विचारलं. मी टायरवरून हात फिरवला, तर तळवा तेलकट.

धावपट्टीही आपली नाटकं करते. विमानांसाठी बांधलेली, रबर बसलेलं नसतं, वर बारीक माती. आमची दोन पोरं खराटा घेऊन पहिला पन्नास फूट पट्टा झाडत होती, तर लोक हसत होते. आमच्या खेड तालुक्यात बैलगाड्यांच्या शर्यतीत गाडामालक बैल आणण्याआधी घाट, म्हणजे शर्यतीची वाट, बघून येतो, त्याला कुणी हसत नाही. अमेरिकेत एनएचआरए ही १९५१ साली निघालेली संस्था या शर्यती भरवते. तिथे पट्ट्यावर राळेसारखा चिकट द्राव फवारतात, नुसतं चालायला गेलं तर बुटाचा तळ धरून ठेवतो. त्यांच्या टॉप फ्युएल या सगळ्यात वेगवान वर्गातल्या गाड्यांना दहा हजारांहून जास्त हॉर्सपॉवर, आणि मागच्या टायरात हवा किती, तर दहा पौंडांच्याही आत! सुटताना टायरची बाजू पिळलेल्या फडक्यासारखी चुरगळते.

राहिला चालवणारा. चाक अजिबात घसरलं नाही तर इंजिन दबतं, जास्त घसरलं तर धूर. थोडी घसरण ठेवून क्लच सोडणं हे पायातलं काम आहे, ते पत्रात सांगता येत नाही. भाच्यालाही ते दहातून चार वेळाच जमतं.

एक विनंती. या शर्यतीत पहिल्या साठ फुटांची वेळ वेगळी मोजतात, आणि निकालाच्या चिठ्ठीवर ती छापून येते. तिथे वाचवलेला एक दशांश सेकंद शेवटच्या रेषेपर्यंत दीड-दोन दशांश होतो, असा रेसवाल्यांचा ठोकताळा आहे. पुढच्या वेळी निकाल छापाल तेव्हा हॉर्सपॉवरच्या शेजारी साठ फुटांची वेळही छापा. आमची वाईट आली तरी छापा.

आपला,
एक टायरवाला, चाकण