धायरीच्या गॅरेजवाल्या काकांना

काका, स. न. वि. वि.

तुम्ही माझी गाडी नीट करून दिलीत त्या दिवशी अंधार पडायला आला होता, म्हणून नुसतं 'थँक्यू' म्हणून निघाले. ते मनाला लागून राहिलंय. तुमचं नाव लिहीत नाही, तुम्हाला ते आवडायचं नाही.

अल्टो २००९ ची. बाबांनी सेकंडहँड घेतलेली, ते गेल्यावर माझ्याकडे आली. पावसाळ्यापासून रिव्हर्स टाकला की खर्रकन आवाज यायचा. मग पहिला गिअरही अडायला लागला. सिंहगड रोडवर संध्याकाळच्या गर्दीत गिअर पडेना, मागून हॉर्नवर हॉर्न, आणि शेजारी आई दारावरचा दांडा धरून बसलेली. त्या दिवशी मी रडकुंडीला आले होते.

तुमच्या आधी दोन गॅरेजं झाली. पहिल्याने गिअर ऑइल बदललं, मग क्लचप्लेटचा अख्खा सेट टाकला आणि ७,२०० रुपये घेतले. चार दिवस बरं वाटलं, पाचव्या दिवशी परत तेच. दुसऱ्याने बॉनेटही न उघडता सांगितलं, गिअरबॉक्स उतरवावा लागेल, पंचवीसेक हजार धरून चाला, नाहीतर भंगारात काढा. वर म्हणाला, "मॅडम, तुम्ही हाफ क्लचवर चालवत असणार." मी बावीस वर्षं गाडी चालवतेय, काका. क्लच दाबताना पायाखाली किरकिर लागते, हे मी दोघांनाही सांगितलं होतं. दोघंही माझ्याशी बोलताना माझ्या भावाकडे बघत होते.

तुम्ही मला विचारलंत, "ताई, पायाला नक्की काय लागतं?"

एवढंच. सांगून झाल्यावर तुम्ही मला सीटवरून उठवलंही नाहीत. इंजिन बंद ठेवून एकेक गिअर टाकायला लावलात. पाचही पडले, रिव्हर्ससुद्धा, लोण्यातून सुरी जावी तसे. मग इंजिन चालू करून क्लच पूर्ण दाबून रिव्हर्स, आणि खर्र! "म्हणजे गिअरबॉक्सला दोष नको द्यायला, क्लच पुरता सुटत नाहीये, पेडल दाबूनही इंजिन गिअरबॉक्सपासून पूर्ण वेगळं होत नाहीये," म्हणालात. रिव्हर्सला बाकीच्या गिअरसारखं सिंक्रो, म्हणजे गिअर पडताना वेग जुळवून घेणारी कडी, नसतं, म्हणून तो सगळ्यात आधी ओरडतो, हेही तेव्हाच कळलं.

मग तुम्ही गुडघ्यावर बसलात. तुमच्या वयाला ते सोपं नव्हतं, दाराला धरून सावकाश बसलात. डोकं पेडलखाली, एका हातात बॅटरी, दुसरा हात माझ्या चपलेच्या शेजारी. "दाबा. सोडा. परत दाबा, हळू." तीन-चारदा. आणि आतूनच आवाज आला, "ताई, तुमचा पाय बरोबर सांगत होता."

ते ऐकल्यावर मला काय वाटलं हे अजून नीट सांगता येत नाही. चार महिने मला वाटायला लागलं होतं की माझ्याच हातून बाबांची गाडी खराब होतेय.

पेडलच्या टोकाशी क्लच केबलच्या तारा तुटत आल्या होत्या. पाय दाबला की ओढ तिथेच जिरायची, क्लचपर्यंत पुरी पोचायचीच नाही. आधीच्याने दुसऱ्या टोकाचा नट आवळला, म्हणून ते चार दिवस चालले. तुम्ही पोराला नाना पेठेत पिटाळून केबल मागवलीत. मजुरीसकट ७५० रुपये. मी हजार पुढे केले तर अडीचशे मोजून परत दिलेत, आणि जुनी केबल वर्तमानपत्रात गुंडाळून हातात ठेवलीत. "भावाला दाखवा," म्हणालात.

पुण्यात चांगल्या मेस्त्रींची वानवा नसेल. पण समोरच्याचं आधी ऐकून घ्यायचं, हे किती जणांकडे असतं? डॉक्टरकडे, बँकेत, सरकारी कचेरीत, आपलं वाक्य पुरं व्हायच्या आत उत्तर येतं. तुमच्या पत्र्याच्या शेडमध्ये, ऑइलने काळ्या झालेल्या त्या फरशीवर, माझं वाक्य पुरं झालं. तुमच्या हाताखालची पोरं हे रोज बघत असतील. ती नशीबवान आहेत.

केबल भावाला दाखवली. त्याने ती बराच वेळ बोटांत फिरवली आणि "सॉरी ताई" म्हणाला.

परवा आईला घेऊन सासवडला जाऊन आले. दिवे घाटात पुढे एक ट्रक थांबला, म्हणून चढावर मलाही थांबावं लागलं. पहिला टाकला, आवाज न होता पडला. आईने दांड्यावरचा हात काढून मांडीवर ठेवला.

तुमची,
पांढऱ्या अल्टोवाली ताई