कोयांची कढी

नागपूर,
२७ मे

प्रिय बंड्या,

परवा फोनवर मी सहज म्हणालो की काल आंब्याच्या कोयांची कढी केली, आणि तू एकदम गप्प झालास. मग आवाज खाली घेऊन विचारलंस, "एवढी वाईट वेळ आली का बे?" मी हसत सुटलो, तेवढ्यात तुला कोणीतरी हाक मारली आणि तू फोन ठेवलास. तेव्हापासून तो प्रश्न डोक्यात घोळून राहिला आहे. म्हणून हे पत्र. नवतपा सुरू आहे, पारा ४५ च्या खाली यायला तयार नाही, दुपारी रस्त्यावर कुत्रं दिसत नाही. कूलरसमोर बसून लिहून राहिलो, तेव्हा कुठे अक्षर फुगलेलं दिसलं तर ते पाण्याचे तुषार समज. रडलो वगैरे नाही.

वाईट वेळ आलेली नाही. झालं असं की गेल्या जूनमध्ये तुझ्या वहिनीची बदली चंद्रपूरला झाली. सोमवारी पहाटे जाते, शनिवारी रात्री येते. आईचे गुडघे तिला ओट्याशी उभं राहू देत नाहीत. उरलो मी आणि आमचा पोट्टा. म्हणजे वर्ष झालं, स्वयंपाकघर माझ्या ताब्यात आहे. माझी लायकी तुला ठाऊकच आहे. महाल भागातल्या आपल्या खोलीवर मी एकदा खिचडी केली होती आणि तू ते पातेलं दोन दिवस भिजत घातलं होतंस.

सुरुवातीला मी स्वतःला फार काटकसरी समजत होतो. काही टाकायचं नाही, हा एकच नियम. उरलं की डब्यात, डबा की फ्रीजमध्ये. वाटीभर वरण, दोन चमचे ढेमशाची भाजी, कशाचा तरी रस्सा. दिवाळीच्या तोंडावर वहिनीने फ्रीज आवरायला काढला तर अकरा डबे निघाले. त्यातल्या दोनांत काय होतं ते घरात कोणालाच सांगता येईना. आई पलंगावर बसून सगळं बघत होती. म्हणाली, "तू टाकत नाहीस असं नाही, तू उशिरा टाकतोस."

लागलं मला. पण खरं होतं. मग तिनेच तिची रीत सांगितली, आणि या वर्षात मी जे काही शिकलो ते एवढंच आहे. रात्री झाकपाक करताना उरलेल्याला नाव द्यायचं. 'उरलेलं वरण' हे नाव नव्हे. 'उद्या संध्याकाळची वरणफळं' हे नाव. नाव सुचलं तरच डब्यात घालायचं. नाही सुचलं तर तिथेच वाटून खाऊन टाकायचं, नाहीतर कुंडीतल्या खतात. पण फ्रीजमध्ये बेवारशी काही जाऊ द्यायचं नाही.

वरणफळांवरून आठवलं, तुम्ही तिकडे पुण्यात चकोल्या म्हणता. आता मी सकाळी तुरीची डाळच मूठभर जास्त लावतो. संध्याकाळी ते वरण पातळ करायचं, लसणाची चरचरीत फोडणी द्यायची, चिंच-गूळ घालायचा. घट्ट कणकेची पोळी लाटून शंकरपाळ्यासारखे तुकडे उकळत्या वरणात एकेक सोडायचे, सगळे एकदम टाकलेस तर गठ्ठा होतो. वरून सांभार आणि तूप. (कोथिंबिरीला सांभार म्हटलं की तुझी बायको हसते, माहीत आहे. हसू दे.) सांगायचं असं की यात उरलेलं काहीच नाही, ते मुद्दाम उरवलेलं आहे. आईच्या वेळी हे ठरलेलंच असायचं, आपल्याला ते फक्त दुसऱ्या दिवशी ताटात दिसायचं, म्हणून आपण त्याला शिळं म्हणत होतो.

पोळ्यांचं मात्र गणित जमत नाही. पोट्टा एक दिवस दोन खातो, दुसऱ्या दिवशी सहा. त्यामुळे फोडणीची पोळी आठवड्यात दोनदा असतेच. हातानेच चुरायची, मिक्सरमध्ये घातली की भुगा होतो आणि खाताना ठसका लागतो. कांदा, फल्लीदाणे, हळद, तिखट, पाण्याचा हबका आणि झाकण. आपल्या मेसला रविवारी संध्याकाळी सुट्टी असायची आणि तू दुपारीच चार पोळ्या जास्तीच्या मागून पेपरात गुंडाळून आणायचास, ते आठवतं? रात्री त्या चामड्यासारख्या व्हायच्या आणि आपण त्या दाण्याच्या चटणीसोबत ओढून ओढून खायचो. तेव्हा ही फोडणी कोणी शिकवली असती तर!

आता कोयांकडे येतो. पायलीभर आंब्यांचा रस काढला की कोयांना आणि सालींना किती गर चिकटलेला राहतो ते बघ एकदा. तो ताकात कोळून घ्यायचा, थोडं बेसन लावायचं, मेथ्या-मोहरी, हिंग, कढीपत्ता आणि लाल मिरचीची फोडणी द्यायची. आई त्याला फजिता म्हणते. आंबटगोड, तिखट, आणि भातावर अशी काही लागते की पोट्टा आता रस संपायची वाट पाहतो. वाईट वेळेचं जेवण हे असं असेल तर, खरं सांगतो, येऊ दे.

एप्रिलमध्ये आम्ही कुरोड्या घातल्या. बाजारात तयार मिळतात, पण आईला एकदा शेवटचं (ती दर वर्षी शेवटचं म्हणते) स्वतःच्या देखरेखीत करायचं होतं. तीन दिवस गहू भिजत, रोज पाणी बदलायचं. चौथ्या दिवशी वाटून, पिळून चीक काढला, रात्रभर निवळू दिला, सकाळी वरचं पाणी ओतलं. मग चीक शिजवायचा. बंड्या, तो चीक ढवळणं म्हणजे ओल्या सिमेंटमध्ये फावडं फिरवणं आहे. माझे दंड भरून आले, आई खुर्चीवरून "गाठ झाली, गाठ झाली" करत होती. सहाच्या आत गच्चीवर जुन्या साडीवर सोऱ्याने कुरोड्या पाडल्या. नंतर तर पायच ठेववत नाही.

आणि मी तो पिळलेला चोथा उचलून खताच्या कुंडीकडे निघालो. आईने जी हाक मारली ती शेजारच्या काकूंनी ऐकली असेल. चोथ्याच्या भुसवड्या करायच्या असतात! लसूण, जिरं, तीळ, तिखट, मीठ घालून बोटाने चिमूट चिमूट वड्या टाकायच्या. आपल्या उन्हात दोन दिवसांत खडखडीत होतात. तळल्या की कुरोडीपेक्षा मला त्याच आवडतात. कुरोडी नुसती फुलते, भुसवडीला चव असते.

त्या दिवशी साडीभोवती बसून कावळे हाकताना आई १९७२ चं बोलली. दुष्काळात रेशनवर लाल मिलो ज्वारी मिळायची, तिची भाकर थापतानाच फाटायची, ते सगळं. आधी ऐकलेलं आहे आपण दोघांनीही. पण या वेळी ती वेगळंच म्हणाली. म्हणाली, तेव्हा उरायचंच नाही, त्यामुळे उरलेल्याचं काय करायचं हे आम्ही नंतर शिकलो, चांगले दिवस आल्यावर. मी इतकी वर्षं उलटं समजत होतो.

आता माझी फजिती ऐक, कारण तू सगळं वाचून उद्या उत्साहाने कामाला लागशील आणि आजारी पडशील. मार्चच्या शेवटी रात्री पातेलंभर भात उरला. नाव दिलं, 'सकाळचा फोडणीचा भात'. पण ठेवला ओट्यावरच. सकाळी मस्त कांदा परतून, वाफ आणून खाल्ला. पोट्ट्याची परीक्षा होती म्हणून त्याने दूध-बिस्कीट खाल्लं, आईचा उपास होता. दुपारी दोनला मी आडवा. उलट्या थांबेनात. आमच्या वस्तीतले डॉक्टर जरा मास्तर आहेत. सलाईन लावता लावता त्यांनी समजावलं की बॅसिलस सिरियस नावाचा जिवाणू असतो, भात शिजवला तरी त्याचे बीजाणू तग धरतात, आणि भात कोमट राहिला की ते रुजून वाढतात, विष सोडतात. ते विष पुन्हा गरम केल्याने जात नाही. म्हणजे मी जी वाफ आणली तिचा उपयोग शून्य. आता भात उरला की परातीत पसरून पंख्याखाली गार करतो आणि तासाभरात फ्रीजमध्ये. दुसऱ्या दिवशी संपवायचा, तिसरा दिवस नाही. आईला विचारलं, तुम्ही कसं करत होता? तर म्हणे, उन्हाळ्यात आम्ही भात उरूच देत नव्हतो, मोजून टाकायचो, आणि वर कोणी पाहुणा आला तर त्याला भाकर. हे तिने आधी सांगायला काय हरकत होती?

दुसरा पराक्रम संत्र्यांचा. फेब्रुवारीत मृग बहाराची संत्री घरात पोत्याने येतात, तुला तर माहीत आहे. साली वाळवून उटण्यासाठी ठेवतोच. यंदा मी कुठेतरी वाचून फरशी पुसायचं पाणी केलं. एक भाग गूळ, तीन भाग साली, दहा भाग पाणी, प्लास्टिकच्या बाटलीत, थोडी जागा मोकळी ठेवून, तीन महिने. पहिला महिनाभर रोज झाकण उघडून वायू सोडायचा असतो. मी चार दिवस चंद्रपूरला वहिनीकडे गेलो आणि विसरलो. परत आलो त्या रात्री दोन वाजता स्वयंपाकघरात धाडकन आवाज. आई ओरडली, "चोर!" पोट्टा बॅट घेऊन धावला. छतापर्यंत गुळाचं पाणी उडालं होतं आणि सगळ्या घराला संत्र्याचा वास. वाचलेल्या दोन बाटल्या मागच्या आठवड्यात गाळल्या. फरशी चांगली निघते. छतावरचा डाग निघत नाही.

बाजाराचं थोडक्यात सांगतो. बुधवारी बाजार उठायच्या वेळी गेलं की भाजीचे ढीग निम्म्या किमतीत मिळतात. पण दोन किलो भेदरं (तुमचे टोमॅटो) स्वस्त म्हणून आणली आणि किलोभर सडली, असं मी तीनदा केलं. आता फक्त आठवडाभरात संपेल तेवढंच. दोडक्याच्या शिरांची चटणी, टरबुजाच्या पांढऱ्या सालीचं थालीपीठ हे तुला फोनवर सांगेन.

दोन गोष्टींत मात्र मी आईचं ऐकत नाही. तळलेलं तेल ती गाळून पुन्हा तळायला वापरायची. मी लहान कढई आणली, तेल कमी घेतो आणि उरलेलं दोन दिवसांत भाजीच्या फोडणीत संपवतो. आणि भांडी घासणाऱ्या मावशींना शिळं द्यायचं बंद केलं. द्यायचं तर ताजं, आपण जेवतो त्यातलं. आपल्याला नकोसं झालेलं दुसऱ्याच्या पदरात टाकून आपण काटकसरी कसे? यावर आईशी आठवडाभर अबोला होता. मग एक दिवस तिलाच मावशींना गरम पोळी वाढताना पाहिलं.

हिशेब विचारशीलच, अकाउंटंट तो अकाउंटंट. महिन्याला हजार-बाराशे वाचत असतील. यंदाचे सगळे कूलरच्या नव्या ताट्यांत आणि जळालेल्या मोटारीत गेले.

तू सांगत होतास की तुमच्याकडे रोज रात्री बाहेरून मागवता आणि अर्धं टाकता, आणि बोलताना तुला कसंतरी वाटत होतं ते मला कळलं. मी काही तुला शिकवायला बसलो नाही. फक्त एक कर. आज रात्री फ्रीज उघड, डबे मोज, आणि किती डब्यांना नाव देता येतं ते मला कळव. माझा आकडा अकरा होता. खोटं सांगू नकोस, मी तुझ्या बायकोलाच विचारीन.

आमचा भाचा शनिवारी गरीबरथने पुण्याला येऊन राहिला, विषयाला शोभेलशी गाडी आहे. त्याच्यासोबत भुसवड्या, कुरोड्या आणि जवसाची चटणी पाठवतो आहे. भुसवड्या मध्यम आचेवर तळ, तेल फार कडक झालं की बाहेरून जळतात आणि आत कच्च्या राहतात. स्टीलचा डबा आईचा आहे, झाकणाला दोरा बांधलेला आहे कारण ते नीट बसत नाही. डबा परत पाठव. आणि आई म्हणते, रिकामा पाठवू नकोस म्हणावं.

तुझा,
दिल्या