पर्यावरण जागृतीला आकड्यांची जोड हवी

महोदय,

५ जूनचा जागतिक पर्यावरण दिन जवळ आला की हरित जीवनशैलीच्या सूचनांची यादी वृत्तपत्रांतून हमखास प्रसिद्ध होते. फोनचा चार्जर सॉकेटमधून काढून ठेवा, खोलीबाहेर पडताना दिवा मालवा, गच्चीला पांढरा रंग द्या, सौर पॅनेल बसवा. यांतील एकही सूचना चुकीची नाही. माझा आक्षेप एवढाच आहे की, या सगळ्या सूचना एकाच पंगतीत बसवल्या जातात आणि कोणत्या सूचनेचे वजन किती, हे वाचकाला कळत नाही. साहजिकच तो सर्वांत सोपी सूचना उचलतो, आपण पर्यावरणासाठी काहीतरी केले या समाधानात राहतो आणि घराचा वीजवापर होता तिथेच राहतो.

एक साधा हिशेब मांडतो. पंधरा लिटर, म्हणजे एक बादली, पाणी २५ अंशांनी तापवण्यासाठी सुमारे ०.४४ युनिट वीज लागते. शाळेत शिकलेल्या विशिष्ट उष्म्याच्या गणिताने हे कोणालाही पडताळता येईल. तेवढ्या विजेवर ९ वॅटचा एलईडी दिवा दोन अहोरात्र चालतो. आजचा चांगल्या प्रतीचा चार्जर फोन जोडलेला नसताना साधारण ०.१ वॅट वीज घेतो, म्हणजे तो वर्षभर सॉकेटमध्येच राहिला तरी खर्च होणारी वीज दोन बादल्या गरम पाण्याच्या विजेइतकीच भरते. दीड टनाचा एसी पूर्ण क्षमतेने चालला तर तेवढी वीज पाऊण तासाच्या आतच संपवतो. चार्जर काढूच नये असे मला सुचवायचे नाही, पण जागृतीचा आरंभ आणि शेवट चार्जरवरच होत असेल, तर ती जागृती मोजमापापासून दूर आहे असेच म्हणावे लागेल.

उष्ण हवामानात घराच्या विजेचा खरा प्रश्न गच्ची, भिंती आणि खिडक्या यांच्यापाशी आहे. वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांना हे सांगायला नको. दुपारभर तापलेला काँक्रीटचा स्लॅब ती उष्णता साठवून ठेवतो आणि काही तासांनी, नेमकी माणसे झोपायच्या वेळी, खाली सोडतो. रात्री छताला हात लावला तर तो कोमट लागतो आणि बाहेरची हवा गार झालेली असूनही खोली गार होत नाही. गडद, मळकट पृष्ठभाग उन्हाचा बहुतांश भाग शोषून घेतो, तर ताजा पांढरा थर त्यातले सुमारे ८० टक्के ऊन परत पाठवतो. हा थर धुळीने काळवंडला की त्याचा गुण उतरतो, म्हणून गच्ची अधूनमधून धुवावी लागते. ही अर्धी गोष्ट सूचनांच्या यादीत सहसा नसते.

खिडकीबाबतही तसेच आहे. जाड पडदा लावला की ऊन अडले, असे आपण समजतो, परंतु ऊन काचेतून आत आल्यावर पडदा तापतो आणि त्याची बरीचशी उष्णता खोलीतच अडकते. ऊन काचेच्या बाहेरच अडवणे, मग ते छज्जाने असो, झडपांनी असो वा झाडाने, कितीतरी अधिक परिणामकारक ठरते. त्यातही पूर्व आणि पश्चिम दिशांना सूर्य खाली असल्यामुळे आडवा छज्जा फारसा कामाचा नसतो, तिथे उभे आडोसे हवेत. पंख्याबद्दलचा गैरसमज तर घरोघरी आहे. पंखा खोली थंड करत नाही, तो अंगावरच्या घामाचे बाष्पीभवन वाढवतो. रिकाम्या खोलीत फिरणारा पंखा उलट आपल्या मोटारीची उष्णता खोलीत टाकत असतो.

म्हणून क्रम महत्त्वाचा आहे: आधी उष्णता अडवणे, मग काटकसरीची उपकरणे आणि त्यानंतर सौर पॅनेल. १९९१ मध्ये जर्मनीतील डार्मश्टाट येथे पहिले ‘पॅसिव्ह हाऊस’, म्हणजे रचनेमुळेच अत्यल्प ऊर्जेत भागणारे घर, उभे राहिले ते याच विचारावर, फक्त तिथे उष्णता आत येऊ न देण्याऐवजी बाहेर जाऊ द्यायची नव्हती. आपल्याकडे उत्साहाच्या भरात हा क्रम उलटा होतो आणि तापलेल्या घराला थंड करण्यासाठी लागणारी जास्तीची वीज पॅनेलांवर बनवली जाते. (पॅनेलांच्या सावलीमुळे गच्ची थोडी कमी तापते, हे मान्य.) एसीचे तापमान २० ऐवजी २५ अंशांवर ठेवले, तर बाहेर ४० अंश असताना भिंतींतून आत झिरपणारी उष्णता जवळपास एक चतुर्थांशाने घटते, यासाठी पैसाही लागत नाही. गळक्या एसीत दर उन्हाळ्यात ‘गॅस भरून’ घेणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावे की, अनेक यंत्रांतील आर-४१० ए हा वायू वजनागणिक कार्बन डायऑक्साइडच्या दोन हजार पटींहून अधिक तापमानवाढ घडवतो.

नुसत्या कार्यक्षम उपकरणांवरही भिस्त ठेवता येत नाही. वाफेची इंजिने सुधारल्याने कोळशाचा खप घटण्याऐवजी वाढतो, हे विल्यम स्टॅनली जेव्हन्स या अर्थशास्त्रज्ञाने १८६५ मध्येच दाखवून दिले होते. दिवे स्वस्तात जळू लागल्यावर रात्रभर उजळून निघणाऱ्या इमारती पाहिल्या की त्याचे म्हणणे पटते.

यात आणखी एक अडचण आहे आणि तिच्यावर व्यक्तिगत जागृतीचा उपाय चालत नाही. घराची दिशा, भिंतीची जाडी आणि छज्जा बांधणारा ठरवतो, वीजबिल मात्र राहणारा भरतो. भाडेकरूला तर गच्ची रंगवण्याचाही अधिकार नसतो. युरोपीय संघाने २०१० च्या निर्देशाद्वारे घरविक्रीच्या आणि भाड्याच्या जाहिरातींत इमारतीचा ऊर्जा-दर्जा नमूद करणे बंधनकारक केले, ते याच कारणाने. आपल्या दैनिकातही घरांच्या जाहिराती मोठ्या संख्येने येतात आणि त्यांत क्षेत्रफळ, वाहनतळ, पोहण्याचा तलाव असा सगळा तपशील असतो. पश्चिमेच्या खिडक्यांना बाहेरून आडोसा आहे का आणि गच्चीवर उष्णतारोधक थर आहे का, हे दोन प्रश्न जाहिरातदारांना विचारण्याची आणि त्यांची उत्तरे छापण्याची प्रथा आपण सुरू करावी, तसेच पर्यावरणविषयक प्रत्येक सूचनेपुढे तिने वर्षाला अंदाजे किती युनिट वाचतात, हेही द्यावे, अशी माझी विनंती आहे.

आपला,
एक वाचक