लिनक्स बसवा, पण संगणकाची मांडणी लिहून ठेवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

'विंडोज १०'चे सर्वसाधारण साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपल्यानंतर जुने संगणक भंगारात न काढता त्यांवर लिनक्स ही मुक्तस्रोत संगणकप्रणाली बसवावी, असे अनेक जाणकार सांगत आहेत आणि मला ते पूर्णपणे पटते. मात्र शाळा, ग्रंथालये आणि लहान कार्यालयांत ते टिकायचे असेल, तर प्रत्येक यंत्राच्या हार्डवेअरची मांडणी, म्हणजे त्याच्यासाठी केलेली जुळवणी, लेखी असली पाहिजे. वायफायच्या भागासाठी कोणते फर्मवेअर (त्या भागाच्या आत चालणारे सॉफ्टवेअर) घातले, ग्राफिक्सचा कोणता ड्रायव्हर (तो भाग चालवणारे सॉफ्टवेअर) चालला, पडदा काळा पडू नये म्हणून कर्नेलला, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याला, कोणती सूचना द्यावी लागली, हे सारे सहसा बसवणाऱ्याच्या डोक्यातच राहते आणि तो माणूस बदलला की पुढच्याला पुन्हा पहिल्यापासून चाचपडावे लागते.

या बाबतीत 'निक्सओएस' या लिनक्सच्याच एका मुक्तस्रोत प्रकाराची पद्धत मला अनुकरणीय वाटते. ती बसवताना एक आज्ञा दिली की यंत्राची तपासणी होऊन डिस्कचे विभाग, त्यांचे ओळखक्रमांक आणि सुरुवातीलाच लागणारी कर्नेल मॉड्यूल (कर्नेलला जोडले जाणारे भाग) यांची फाइल आपोआप तयार होते. वापरकर्ते, भाषा, प्रिंटर वगैरे आपण ठरवायच्या गोष्टी दुसऱ्या फायलीत लिहायच्या असतात. पुढचे बदलही या लिखित मांडणीतच करून त्यावरून प्रणाली नव्याने बांधून घेतली जाते, आणि एखादा बदल अंगाशी आलाच, तर संगणक सुरू होतानाच्या यादीतून आधीची मांडणी निवडता येते.

अर्थात एका यंत्राची हार्डवेअर फाइल दुसऱ्यावर जशीच्या तशी उतरवू नये. डिस्कविभागांचे ओळखक्रमांक जुळत नाहीत आणि यंत्र सुरूच होत नाही. म्हणून सामाईक भाग वेगळा आणि यंत्रागणिक भाग वेगळा ठेवावा. या फायलींत पासवर्ड तर उघडे मुळीच लिहू नयेत, कारण तो मजकूर त्या संगणकाच्या कोणत्याही वापरकर्त्याला वाचता येईल अशा जागी साठवला जातो.

या फायली ज्या 'निक्स' भाषेत लिहायच्या, ती नवख्याला जड जाते, हे खरे. त्यामुळे उबुंटू किंवा डेबियन हे लिनक्सचे इतर प्रकार वापरणाऱ्यांनी ते सोडावेत असे मी म्हणणार नाही. पण केलेल्या प्रत्येक बदलाची साधी नोंदफाइल त्यांनाही ठेवता येईल. थिंकपॅड लॅपटॉप, रास्पबेरी पाय हा छोटा संगणक अशा यंत्रांच्या तयार मांडण्या निक्सओएसच्या स्वयंसेवकांनी सर्वांसाठी खुल्या ठेवल्या आहेत. आपल्याकडच्या, सुटे भाग जोडून बनवलेल्या संगणकांच्या मांडण्याही तशाच खुल्या व्हाव्यात. त्यासाठी संस्थांनी लिनक्स बसवण्याचे काम देतानाच, मांडणीची ही लेखी फाइल हाती आल्याशिवाय शेवटचा हप्ता दिला जाणार नाही, अशी अट करारात घालावी.

आपला,
एक वाचक