दोघांच्या सहलीत तीन राजधान्या कशाला?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत बाल्टिक देशांतल्या जोडप्यांच्या सहलीवरचा लेख वाचला. एस्टोनियाचं तल्लिन, लाटव्हियाचं रिगा आणि लिथुआनियाचं विल्निअस अशा तिन्ही राजधान्या पाच दिवसांत कशा उरकाव्यात, याचा तक्ता त्यात दिला आहे. जवळपास तोच तक्ता हाती धरून मी आणि माझे यजमान जून २०२४ मध्ये तिकडे जाऊन आलो, म्हणून हे पत्र. लग्नसराई तोंडावर आहे. तो तक्ता बघून आपल्या विदर्भातली कितीतरी नवी जोडपी पैसे भरतील. त्यांचं आमच्यासारखं होऊ नये, असं मला मनापासून वाटतं.

आमचं लग्न १९९२ सालचं. तेव्हा दोन दिवस चिखलदऱ्याला गेलो. तिसऱ्या दिवशी सासूबाईंना बरं नसल्याचा निरोप आला आणि मिळेल त्या एस.टी.ने परतलो. पुढे यांचं नागपुरातल्या महाल भागातलं औषधांचं दुकान, माझी शाळा, मुलं, आजारपणं. फक्त दोघांनी कुठे जायचं हे बत्तीस वर्षं राहूनच गेलं. बाल्टिकचा हट्ट माझा होता. मी संस्कृत शिकवायचे. लिथुआनियन भाषा आपल्या संस्कृतची दूरची बहीण आहे, हे दरवर्षी नव्या वर्गाला सांगायचे. आपला सूनु म्हणजे मुलगा, तो तिकडे 'सूनुस'. धूम तो 'दूमास', अग्नी तो 'उग्निस', मेंढीला आपण अवि म्हणतो, ते म्हणतात 'अविस'. फळ्यावर लिहिलेले हे शब्द एकदा कुणाच्या तरी तोंडून ऐकावेत, एवढी साधी इच्छा होती.

बर्डीवरच्या एका सहल कंपनीकडे पैसे भरले. कार्यक्रम असा: २१ जूनला रात्री तल्लिन, २३ ला सकाळी सातला बस, दुपारी रिगा, २५ ला पुन्हा बस, विल्निअस, २७ ला पहाटे विमान. कागदावर सुटसुटीत दिसतं. पण तल्लिन ते रिगा तीनशे किलोमीटर, आणि रिगा ते विल्निअस पुन्हा जवळजवळ तेवढंच. बसमध्ये चार-साडेचार तास जातात, त्यात पहाटे बॅगा भरणं, हॉटेल सोडणं, पुढच्या हॉटेलात खोली रिकामी होईस्तोवर खाली ताटकळणं मिळवा. पाचांतले दोन दिवस असेच गेले.

तल्लिनमध्ये हॉटेल जुन्या गावाबाहेर, मोठ्या रस्त्यालगत होतं. सहाला जेवण, साडेसातला खोलीवर. आणि जूनच्या त्या आठवड्यात तिथे सूर्य मावळतो रात्री पावणेअकराच्या सुमारास! बाहेर लख्ख ऊन आणि आम्ही दोघं पडदे ओढून झोप येण्याची वाट बघत पडलेलो. टूम्पेआ टेकडीवर कोहतुओत्सा नावाची एक जागा आहे. तिथल्या कठड्याशी उभं राहिलं की खाली लाल कौलांची छपरं, चर्चचे टोकदार मनोरे आणि त्यापलीकडे समुद्र दिसतो. आम्हाला तिथे भर दुपारी दहा मिनिटं मिळाली, तीही खच्चून गर्दीत. त्या कठड्याशी जोडप्याने जायचं ते रात्री दहाला, जेव्हा ऊन तिरपं होतं. टाउन हॉलच्या चौकात औषधांचं एक दुकान आहे, १४२२ पासून त्याची नोंद सापडते आणि ते आजही चालू आहे. यांची चाळीस वर्षं औषधांच्या दुकानात गेली. आत जाऊन बरण्या, कपाटं, जुन्या पाट्या निवांत बघायच्या होत्या त्यांना. बसची वेळ झाली होती. दारातून फोटो काढून निघालो, आणि बसमध्ये ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

खरा घोळ रिगात झाला. आम्ही पोहोचलो २३ जूनला. हॉटेलच्या काउंटरवर एक तरुण मुलगा डोक्यावर ओकच्या पानांचा मुकुट घालून बसला होता. पानं हिरवीगार, देठांसकट गुंफलेली, आणि मुकुट इतका जाडजूड की तो रजिस्टरवर वाकला की भुवयांवर घसरायचा. मग डाव्या हाताने वर सारून तो पुन्हा लिहायला लागायचा. विचारलं तेव्हा कळलं, आज 'लिगो', उद्या 'यानी', वर्षातला सगळ्यांत मोठा सण. पुरुष ओकच्या पानांचे मुकुट घालतात, बायका रानफुलांचे. सगळे गावाकडे जातात, रात्रभर शेकोट्या पेटतात, गाणी होतात, आणि मध्यरात्री जोडपी नेच्याचं फूल शोधायला रानात शिरतात. नेच्याला फूल येत नाही, हे त्यांनाही पक्कं ठाऊक असतं. त्याची ड्यूटी सहाला संपत होती आणि मैत्रीण बाहेर गाडीत थांबली होती.

मला गलबलून आलं. आमची वटपौर्णिमा दोनच दिवसांपूर्वी विमानात गेली होती.

पण दोन्ही दिवस सुट्टीचे. आमच्या आसपासची दुकानं बंद, बहुतेक खाणावळी बंद, बघायचं ठरलेलं संग्रहालय बंद. रात्री खोलीत घरून नेलेला चिवडा खाल्ला. ही तारीख दरवर्षी ठरलेली असते, ती काही अचानक उगवत नाही. कंपनीने एक तर ती टाळायला हवी होती, नाहीतर आम्हाला एखाद्या शेकोटीपाशी तरी न्यायला हवं होतं. जोडप्यांसाठी म्हणून विकलेल्या सहलीत जोडप्यांचा सण आम्ही खोलीत बसून घालवला. आपल्या लेखातला नमुन्याचा तक्ताही २२ जूनलाच सुरू होतो, म्हणून हे एवढं खोलात जाऊन लिहिते आहे.

दुसऱ्या दिवशी अल्बर्टा नावाच्या रस्त्याने चालत गेलो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीची घरं, दर्शनी भिंतींवर मुखवटे, सिंह, किंचाळणारे चेहरे. त्यातली बरीच मिखाइल आयझेनस्टाइन यांनी उभी केली, सिनेमावाल्या सर्गेई आयझेनस्टाइन यांचे हे वडील. मान दुखेपर्यंत वर बघत होतो. रिगाचं आमच्या वाट्याला आलेलं सुख तेवढंच.

रिगाहून विल्निअसला जाताना गाइडने बसमध्ये हिंदी सिनेमा लावला. नंतर घरी येऊन वाचलं, त्याच वाटेवर २३ ऑगस्ट १९८९ च्या संध्याकाळी सात वाजता सुमारे वीस लाख माणसं हातात हात धरून उभी होती. तल्लिनपासून रिगामार्गे विल्निअसपर्यंत, सहाशेहून अधिक किलोमीटर, एकच साखळी. हिटलर आणि स्टालिन यांच्या सरकारांनी १९३९ मध्ये गुपचूप करार करून हे देश आपसांत वाटून घेतले, त्याला त्या दिवशी पन्नास वर्षं झाली होती. पुढच्या दोन वर्षांत तिन्ही देश सोव्हिएत सत्तेतून मोकळे झाले. हातात हात घेऊन चालायला म्हणून गेलेल्या माणसांना त्या वाटेवर ही गोष्ट ऐकायला मिळू नये, याचं मला आजही वाईट वाटतं.

विल्निअसला शेवटच्या दिवशी मंडळी मॉलमध्ये जाणार होती. हे म्हणाले, "आपण नको. तुझे शब्द ऐकायला आलो ना आपण?" वळणावर एक आजीबाई स्ट्रॉबेरी विकत होत्या. मी बोटांनी तीन दाखवले. त्या म्हणाल्या, "त्रिस?" मी जागीच थांबले. मग मी पुढे म्हटलं, चत्वारि, आणि चार बोटं दाखवली. त्या हसून म्हणाल्या, "केतुरी." मग त्यांनीच पुढे मोजून दाखवलं, पेंकी, शेशी, सेप्तिनी... देविनी, देशिम्त. आमच्या मागे दोन गिऱ्हाइकं खोळंबली होती, तीही ऐकत राहिली. सात म्हणजे सेप्तिनी, नऊ म्हणजे देविनी. वर्गात हे सांगताना माझा आवाज कधी असा कापला नव्हता.

स्ट्रॉबेरीचं खोकं घेऊन उझुपिसला गेलो. नावाचा अर्थच 'नदीपलीकडे'. कलावंतांनी १ एप्रिल १९९७ ला या वस्तीचं आपलं वेगळं प्रजासत्ताक जाहीर केलं. त्याची घटना कितीतरी भाषांमधून भिंतीवर लावली आहे. पहिलं कलम म्हणतं, विल्नेले नदीकाठी राहण्याचा प्रत्येकाला हक्क आहे, आणि प्रत्येकाजवळून वाहण्याचा हक्क विल्नेलेला आहे. नदी अगदी लहान, आपल्या नाग नदीएवढीच असेल. काठावर बसलो. दोन तास. कुठे जायचं नव्हतं, कुणी शिट्टी वाजवत नव्हतं. चिखलदऱ्याचं ते अर्धवट राहिलेलं बोलणं तिथे निघालं, सासूबाईंचं निघालं, बरंच काही निघालं. निघताना कॅथेड्रल चौकातली ती फरशी शोधली. 'स्तेबुक्लास' म्हणजे चमत्कार, असं तिच्यावर लिहिलं आहे. मानवी साखळीचं विल्निअसकडचं टोक तिथे होतं असं सांगतात. तिच्यावर उभं राहून गिरकी घ्यायची आणि इच्छा मागायची. यांचा गुडघा दुखत होता, तरी घेतली. साडेचार लाख रुपयांतले हे तीन-साडेतीन तास आमचे.

म्हणून सप्टेंबर २०२५ मध्ये माझा मुलगा आणि सून निघाले तेव्हा आखणी मी केली. आठ रात्री, दोनच शहरं. विल्निअसला पाच, रिगाला तीन, तल्लिन मुद्दाम सोडलं. दोन्हीकडे मुक्काम जुन्या गावातच. भाडं जास्त पडतं, पण रात्री जेवून पायी परतता येतं, आणि दोघांचं खरं बोलणं त्याच वाटेवर होतं. मधला प्रवास रेल्वेने, विल्निअस ते रिगा थेट गाडी डिसेंबर २०२३ पासून सुरू झाली आहे. विल्निअसहून तीसेक किलोमीटरवर ट्राकाईला सरोवरातल्या बेटावर विटांचा किल्ला आहे, तिथे एक अख्खा दिवस ठेवला. होडी स्वतः वल्हवायची, मग तिथे पिढ्यानपिढ्या राहणाऱ्या कराइम समाजाचे किबिनाई खायचे. करंजीसारखा दिसणारा हा पदार्थ मुळात मटणाचा, पण भाजीचाही मिळतो. रिगाहून अर्ध्या तासाच्या लोकलवर युरमाला, पांढरी वाळू आणि पाइनची झाडं. रोज दुपारची वेळ मी कोरी सोडली होती. सून म्हणाली, "आई, तक्त्यात काही लिहायचं राहिलंय का?" म्हटलं, नाही, तेवढंच तर मी नीट आखलंय.

लेखात व्हिसाबद्दल एकच ओळ आहे, ती अपुरी आहे. तिन्ही देश शेंगेन या युरोपीय देशांच्या गटात आहेत, एकच व्हिसा चालतो आणि चलनही युरोच. पण अर्ज ज्या देशात जास्त रात्री राहणार त्याच्याकडे करायचा, रात्री सारख्या असतील तर जिथून प्रथम प्रवेश करणार त्याच्याकडे. मोठ्या माणसाला फी ९० युरो, आणि किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, शेवटच्या पंधरा दिवसांत मात्र नाही. नव्या नवरीच्या पासपोर्टवर माहेरचं नाव असेल तर तिकीट आणि विमा त्याच नावाने काढावा. पत्रिकेवरचं नवं नाव घालून गोंधळ केलेलं एक जोडपं आमच्याच गल्लीत आहे.

आणि हो, आपल्याकडची लग्नं बरीचशी थंडीत होतात. डिसेंबरात तल्लिनला साडेतीनच्या आत सूर्य मावळलेला असतो. चौकातला नाताळचा बाजार, बर्फ, दिव्यांच्या माळा हे सगळं सुंदरच, पण सहा तासांच्या उजेडात तीन शहरं हा निव्वळ जुलूम आहे. त्या दिवसांत एकच शहर धरावं. जेवणाची काळजी नको. बीट आणि आंबवलेल्या दुधाचं गार, गुलाबी सूप मिळतं, सोबत गरम बटाटे. उकडलेलं अंडं घालू नका म्हणून आधी सांगावं लागतं. शेपू मात्र सगळ्यावर असतो. ज्यांच्या घरी शेपूवरून भांडणं होतात, त्यांनी मनाची तयारी करून जावं.

माझी विनंती एवढीच, की पुढच्या रविवारी त्या तक्त्यात दुरुस्ती छापावी. निदान २३ आणि २४ जूनची सूचना, व्हिसाचा नियम आणि प्रत्येक बसप्रवासाला लागणारे तास तरी द्यावेत. 'रोमँटिक' या शब्दाखाली फक्त पंचविशीतल्या जोडप्यांचे फोटो असतात, त्यात एखादा आमच्या वयाच्या जोडप्याचाही असू द्या.

पुढच्या सप्टेंबरात आम्ही दोघं परत जातो आहोत. सात रात्री, फक्त विल्निअस. फरसबंदीवर चालता यावं म्हणून हे रोज सकाळी अंबाझरीला दोन फेऱ्या मारतात, आणि मी रात्री झोपताना दहाच्या पुढचे आकडे पाठ करते.

आपली नम्र,
एक निवृत्त संस्कृत शिक्षिका, प्रतापनगर, नागपूर